हवालदार कुमरेंचं 'नाही'

"प्रश्न कोण लिहिते इथं?"

काउंटरपाशी उभ्या असलेल्या माणसानं हे विचारलं, तेव्हा मी त्याच्या बरोबर मागे होतो. माझ्या हातात तर्री-पोह्यांचं पार्सल होतं आणि तर्रीचा तेलकट रस्सा पिशवीतून माझ्या चपलेवर ठिबकत होता. साठीच्या पलीकडचा, ताठ, इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला माणूस. बगलेत कापडी पिशवी धरलेली, पण अशी, की जणू आत काचसामान आहे.

काउंटरवरच्या मुलीनं मोकळ्या हातानं माझ्याकडे बोट दाखवलं. दुसऱ्या हातात तिच्या फोन होता, त्यावर कोणीतरी ओरडत होतं. त्या दिवशी आमच्याकडे सगळ्याच फोनांवर कोणीतरी ओरडत होतं. एकतीस जुलै होता. आयकराचं विवरणपत्र भरायचा शेवटचा दिवस.

"तुम्ही लिहिता?" माणूस वळला.

"लिहितो. पोहे खाता का?"

"नाही जी." त्यानं मला डोक्यापासून त्या तेलकट चपलेपर्यंत पाहून घेतलं. "तुमच्याशीच बोलाचं होतं. कोणी नसल अशा ठिकाणी."

सीताबर्डीवर चष्म्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. आमचा धंदा सांगायला सोपा होता. करभरणा म्हटलं की सामान्य माणसाची पाचावर धारण बसते, म्हणून आमचं सॉफ्टवेअर त्याला साध्या मराठीत एकेक प्रश्न विचारायचं. पगार होता का? हो, नाही. घर भाड्यानं दिलंय का? हो, नाही. त्यानं बटणं दाबत जायचं आणि मागच्या मागे सरकारी फॉर्म भरला जायचा. ते प्रश्न मी लिहायचो. त्याआधी सव्वीस वर्षं मी एका दैनिकात विनोदी सदर लिहिलं. मग वाचकांना विनोद मोबाइलवर फुकट मिळू लागले आणि संपादकांनी मला नारळ दिला. खरोखरचा नारळ, शालीसकट. माझ्या मित्राचा मुलगा मंदार देवपुजारी, त्यानं ही कंपनी काढली होती. तो म्हणाला, "काका, तुम्हाला सोपं लिहिता येतं. या."

मी त्या माणसाला सर्व्हरच्या खोलीत नेलं. तिथे एकांत होता आणि एसीही. ऑफिसात फक्त यंत्रांनाच एसी होता.

"मी तुळशीराम कुमरे," तो बसता बसता म्हणाला. "पोलीस हवालदार, रिटायर. गडचिरोलीवरून आलो. पहाटेची बस पकडली."

"मी वामन पांढरीपांडे. पेपरात सदर लिहायचो, कदाचित वाचलं असेल तुम्ही."

"नाही जी. आमच्या क्याम्पात पेपर यायचा, पण दाढीचा फेस पुसाले."

माझ्या लेखनाचा असा थेट उपयोग मला आजवर कोणी सांगितला नव्हता.

कुमऱ्यांनी पिशवीतून दोन वस्तू काढून मांडीवर ठेवल्या. एक मखमली डबी आणि एक बंद पाकीट. डबी त्यांनी उघडली. आत पदक होतं. पोलीस शौर्यपदक.

"इथून मी सिव्हिल लाइनीत जातो," ते म्हणाले. "पोलिसाईच्या मोठ्या साहेबाच्या ऑफिसात. हे पदक परत देतो अन् हा कागद देतो. चार वाजेपर्यंत साहेब भेटते म्हणे. त्याच्या पहिले तुमाले एक विचाराचं होतं."

"कागदावर काय आहे?"

"पदक खोट्यानं भेटलं, असं लिवलं आहे. सही केली."

मी हसलो. सवयीनं. ते हसले नाहीत.

"अहो, पण असं दिलंत तर पदक जाईल, चौकशी लागेल. पेन्शनवर गंडांतर. पोरंबाळं असतील..."

"एक पोरगी आहे. तिनंच तुमचं ते कम्प्युटरवरचं शिकवलं मले. या कागदाचं तिले माहीत नाही." त्यांनी पाकीट मांडीवर सरळ केलं. "मले हे सांगा. तुमाले कोणी सांगितलं?"

"काय कोणी सांगितलं?"

कुमरे पुढे वाकले आणि खालच्या आवाजात, शाळेत कविता म्हणून दाखवावी तसं, एका दमात म्हणाले, "नक्की? की साहेबांनी लिहून दिलं म्हणून?"

खोलीत सर्व्हरचे पंखे घरघरत होते. मला ते वाक्य ओळखीचं वाटलं, आणि कुठलं ते आठवेना. स्वतःचं मूल गर्दीत दुसऱ्याच्या कडेवर दिसावं तसं काहीतरी.

"चार सालापासून तुम्ही मले हे विचारून रायले," कुमरे म्हणाले. "पहिल्या साली वाटलं, सगळ्याईलेच विचारत असन. मंग आमच्या पोरीच्या मोबाइलवर पाह्यलं. तिले नाही विचारत. शेजारच्या मास्तरले नाही विचारत. एकट्या मलेच विचारते. कोणी सांगितलं तुमाले? पोटावीच्या बायकोनं?"

आणि मग मला आठवलं.

सॉफ्टवेअर तयार होत असताना पडद्यांवरची जागा भरायला काहीतरी मजकूर लागतो. खरा मजकूर यायचा असतो, तोवर बाकीच्या कंपन्यांत 'अबक अबक' टाकतात. आमच्याकडे मी होतो. मंदार म्हणाला, "काका, सध्या काहीपण टाका, मग बदलू." मी काहीपण टाकलं. भाड्याच्या पडद्यावर लिहिलं, 'भाडेकरू देतो का, हा वेगळा प्रश्न.' इतर उत्पन्नाच्या पडद्यावर, 'टेबलाखालचं इथे लिहू नये, जागा कमी आहे.' पोरं खुर्च्यांवरून पडेस्तोवर हसली. सव्वीस वर्षांत एवढी दाद मिळाली नव्हती. पुढे एकेक करून सगळे बदलले. दोनशे चाळीस पडदे, मी स्वतः यादीवर खुणा केल्या होत्या.

एक राहिला होता.

कायद्यात एक छोटं कलम आहे. शौर्यपदक मिळालेल्या सरकारी माणसाच्या पेन्शनवर आयकर नाही. त्यासाठी मी एक प्रश्न लिहिला होता आणि तो मला फार आवडला होता. 'कर्तव्य बजावताना शौर्य गाजवल्याबद्दल तुम्हाला पदक मिळालं आहे का?' 'नाही' दाबलं की गाडी पुढे. 'हो' दाबलं तरच आणखी एक पडदा उघडायचा. त्यावर माझी गंमत होती आणि खाली दोन बटणं, 'हो, नक्की' आणि 'मागे'.

ऑफिसात आम्ही सगळ्यांनी ते सॉफ्टवेअर महिनाभर तपासलं होतं. कोणी खोटे बंगले विकले, कोणी खोट्या लॉटऱ्या जिंकल्या. पण शौर्याच्या प्रश्नाला तपासणीपुरतं खोटं 'हो'सुद्धा कोणी दाबलं नव्हतं. कोणाच्या मनातच आलं नाही.

मी त्याच क्षणी सांगायला हवं होतं. 'कुमरेसाहेब, चूक झाली, ती गंमत होती.' एवढंच. पण मी घाबरलो. मंदार हाकलून देईल, हा माणूस कानाखाली आवाज काढेल, असं सगळं एकदम मनात आलं आणि मी गप्प राहिलो. कुमऱ्यांनी त्या गप्प राहण्याचा त्यांच्या परीनं अर्थ लावला.

"मंग माहीतच आहे तुमाले," ते म्हणाले. त्यांचे खांदे खाली आले, आणि ते सांगू लागले.

"नाल्यात होतो आम्ही. वरून नक्षल्याईच्या गोळ्या. दोघं पडले. दयाराम माह्या गावचा, एका शाळेतला. अन् पोटावी, मागून भरती झालेला, दोन लेकरांचा बाप. पोटावीले मांडीत लागली होती. तो बोलत होता. 'कुमरेदादा, मले न्या.' दयाराम बोलत नव्हता."

मी पाण्याची बाटली पुढे केली. त्यांनी घेतली नाही.

"मी दयारामले उचललो."

"अहो, तुमचा मित्र..."

"दहा पावलं गेलो अन् त्याची मान माह्या खांद्यावर अशी झाली." त्यांनी मान कलती करून दाखवली. "तवाच समजलं. तिथंच ठेवून परत फिरलो असतो तर पोटावी जिता भेटला असता. पण मी ठेवलं नाही. दयारामच्या मायले सांगून निंघालो होतो, याले घेऊन येईन म्हणून. चार किलोमीटर नेलो मेल्या माणसाले. सडकेवर माणसं भेटली. त्याईले घेऊन परत गेलो तवा पोटावी..." त्यांनी डबीचं झाकण लावलं, पुन्हा उघडलं. "तवाच्या आमच्या साहेबानं रिपोर्ट लिवला. गोळीबारात जखमी सहकाऱ्याले खांद्यावर वाहून आणलं. जखमी! मी म्हणलो, साहेब, तसं नाही. साहेब म्हणे, कुमरे, पलटणीले पदक पाहिजे, चूप बस. मी चूप बसलो."

"हे कोणाला सांगितलंत?"

"तुमालेच माहीत आहे ना?"

बाहेर मंदारचा आवाज आला, "आज काहीएक बदलायचं नाही! ठिपकासुद्धा नाही! सहा हजार लोक आत आहेत!" शेवटच्या दिवशी चालू सॉफ्टवेअरला हात लावायचा नाही, हा आमच्या धंद्याचा नियम. एक पडदा बदलायला गेलं आणि अख्खं बंद पडून बसलं, असं पूर्वी एकदा झालं होतं.

कुमऱ्यांनी घड्याळ पाहिलं. "चला. तुमच्या काउंटरवर बसून फॉर्म भरतो. शेवटच्या डाव 'नाही' दाबतो अन् साहेबाकडं जातो."

"'नाही' कशाला? पदक तर तुमच्याकडे आहे! कर वाचेल."

"खाली काय लिवलं असते? 'वरील सर्व माहिती खरी आहे.' अन् वर, शौर्य गाजवलं का? एक डाव खोट्या कागदावर चूप बसलो जी. दुसऱ्या डाव सही करू?"

ते उठले. मी उठलो. दारात मी त्यांचा दंड धरला, आणि मग बोललो.

"कुमरेसाहेब, मला काही माहीत नव्हतं."

"म्हणजे?"

"ते वाक्य मी लिहिलं. चार वर्षांपूर्वी, बसल्या बसल्या. मला कोणी काही सांगितलं नाही. पोटावी कोण, मला ठाऊक नाही. ते काढायचं होतं, राहून गेलं. ती गंमत होती."

"गंमत," कुमरे म्हणाले.

मी मार खायच्या तयारीनं चष्मा काढला. ते मात्र परत खुर्चीत बसले, आणि त्यांचा तो इस्त्रीचा ताठ शर्ट माझ्यादेखत गोळा झाला.

"म्हणजे कोणालेच माहीत नाही?"

"नाही."

"कोणालेच नाही?"

"नाही हो. तुम्ही सुटलात. जा घरी."

"सुटलो?" त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला. "अठरा सालं झाले, मी एकटा आहे याच्यात! बायको मेली, तिलेबी सांगितलं नाही. अन् मंग तुमचा तो कम्प्युटर एक दिवस विचारते, नक्की? मी रात्रभर झोपलो नाही. पण मले वाटलं, आहे. कोणीतरी आहे, त्याले माहीत आहे. ओरडत नाही, केस करत नाही. साली एक डाव हळूच विचारते. औंदा म्हणलो, चला, त्या माणसाले भेटू, पदक देऊन टाकू. त्याच्या भरवशावर आलो मी! अन् तुम्ही म्हणता गंमत." ते पाकिटाकडे पाहत राहिले. "आता तर साहेबाकडं जाच लागन. कोणाले तरी माहीत पाहिजे ना जी."

मी आयुष्यभर लोकांना कोपरखळ्या मारल्या. मंत्र्यांना, महापौरांना, एकदा माझ्याच व्याह्यांना. लागल्यावर माणूस कसा दिसतो, हे इतक्या जवळून पाहायची वेळ आली नव्हती. मला एवढंच कळत होतं, की हा माणूस त्या जिन्यावरून खाली उतरला तर माझी गंमत त्याला गिळणार.

"दहा मिनिटं," मी म्हणालो. "इथून हलू नका. पोलिसाचा शब्द द्या."

"रिटायर पोलिसाचा."

"चालेल."

श्वेता गजभिये आमची मुख्य प्रोग्रामर. दोन पडदे समोर घेऊन ती बसली होती आणि सकाळपासून पाणीसुद्धा प्यायली नव्हती.

"श्वेता, एक प्रश्न बदलायचाय. आत्ता."

"काका, पागल झाले का तुम्ही? सर ओरडून राहिले ते ऐकू नाही आलं?"

"शौर्यपदकाचा. त्याच्या पुढचा पडदा उघड, आधी बघ."

तिनं उघडला. वाचला. तोंडावर हात ठेवला. "हे चार वर्षांपासून चालू आहे?"

"किती लोक पोहोचले तिथपर्यंत?"

तिनं खटखट केलं. नोंदी निघाल्या. "अकरा जण. दहा जणांनी 'हो, नक्की' दाबलं आणि पुढे गेले. एक जण 'मागे' गेला." ती पडद्याजवळ सरकली. "दर वर्षी तोच. आधी 'हो' दाबतो, इथे येतो, मागे जातो, 'नाही' दाबतो. काका, मागच्या वर्षी तर या पडद्यावर बावन्न मिनिटं बसलाय हा. कोण आहे हा?"

"सर्व्हरच्या खोलीत आहे. चारच्या आत तो स्वतःचं वाटोळं करायला जाणार आहे, माझ्या वाक्यापायी."

श्वेतानं माझ्याकडे पाहिलं. मग मंदारच्या केबिनकडे. "प्रश्न काय टाकायचा, बोला लवकर."

आणि मला प्रश्न सुचेना. सव्वीस वर्षं दर आठवड्याला आठशे शब्द पाडणारा मी, एका ओळीसाठी तिथे घाम पुसत उभा होतो. शौर्य म्हटलं की तो 'नाही' म्हणणार. पराक्रम, धाडस, कामगिरी, सगळ्यांना नाही. 'मिळालं' म्हटलं तर कशाबद्दल मिळालं, हे त्याच्या मनात येणार. खोटं त्याला चालत नव्हतं आणि खरं त्याला बुडवत होतं. सगळे शब्द एकेक करून काढून टाकले, तेव्हा जे उरलं ते इतकं कोरडं होतं, की सदरात लिहिलं असतं तर त्याच दिवशी नारळ मिळाला असता.

"लिही. 'शासनाच्या शौर्यपदकांच्या यादीत तुमचं नाव आहे का?' खाली, 'हो', 'नाही'. आणि पुढचा पडदा उडव."

"एवढंच?"

"एवढंच."

तिनं बटण दाबलं. आणि सॉफ्टवेअर बसलं.

सहा हजार माणसांचं एकदम. ऑफिसातले सगळे फोन एका वेळी वाजू लागले. मंदार केबिनमधून बाहेर आला तो धावतच. "कोणी हात लावला?"

"मी," मी म्हणालो.

"काका, तुम्हाला साधा माउस नीट धरता येत नाही!"

"मी सांगितलं, तिनं केलं. तिला काही बोलू नकोस."

"घरी जा तुम्ही! आत्ताच्या आत्ता! उद्यापासून यायचं नाही!"

मी गेलो नाही. श्वेताच्या खुर्चीची पाठ धरून उभा राहिलो. सव्वाबारा. वीस. काउंटरवरची मुलगी रडत फोन घेत होती. बारा पंचवीसला पडद्यावरचं गोल गोल फिरणारं चक्र थांबलं आणि सगळं परत आलं. मी काउंटरवरचा लॅपटॉप उचलून सर्व्हरच्या खोलीत नेला.

कुमरे तिथेच होते. शब्द पाळला होता.

"भरा," मी म्हणालो.

एकेका बोटानं, सावकाश, त्यांनी भरायला सुरुवात केली. तो प्रश्न आला. त्यांनी वाचला. चष्मा पुसून पुन्हा वाचला. मग ओठ हलवत तिसऱ्यांदा.

"शासनाच्या यादीत," ते म्हणाले.

"हं."

"आहे. यादीत आहे. हे खरं आहे."

त्यांनी 'हो' दाबलं. बोट तसंच हवेत ठेवलं. पुढचा पडदा आला, तो बँकेच्या खात्याचा होता.

"पुढचं नाही विचारत आता?"

"काढून टाकलं."

ते लॅपटॉपकडे पाहत राहिले. मला वाटलं होतं, त्यांना हलकं वाटेल. त्यांच्या चेहऱ्यावर वेगळंच काही होतं. रोजच्या रस्त्यावरचं झाड तोडलेलं दिसलं की माणूस असा पाहतो.

"विचाराले पाहिजे होतं," ते म्हणाले.

"मी विचारतो," मी म्हणालो. हे कुठून आलं, मला माहीत नाही. "दर वर्षी. आजच्या तारखेला, फोन करून. आता मला माहीत आहे ना? गंमत म्हणून नाही, खरोखरीचं."

त्यांनी पुन्हा घड्याळ पाहिलं. चार वाजायला अवकाश होता आणि सिव्हिल लाइन्स तिथून रिक्षानं दहा मिनिटांवर होती. मग त्यांनी डबी पिशवीत ठेवली. पाकीट ठेवलं नाही. ते माझ्यापुढे धरलं.

"हे तुमच्याकडं असू द्या. माह्याकडं ठेवलं तर एखाद्या दिवशी देऊन बसन. अन् फाडाचं नाही."

"नाही फाडणार."

"फोन कराले भुलले तर?"

"तर तुम्ही पाकीट मागायला या."

दारात ते थांबले. "ते पोहे आहेत का अजून?"

होते. गार झाले होते. दोघांनी मिळून खाल्ले.

मंदारनं मला दुपारी पुन्हा कामावर घेतलं, कारण नव्या कराचे नव्वद पडदे यायचे होते आणि सोपं लिहिणारा दुसरा कोणी त्याला मिळाला नाही. पुढे तीन वर्षांनी मी रीतसर निवृत्त झालो. तो प्रश्न अजून तसाच आहे. मध्ये एका तरुण लेखकानं तो थोडा खुसखुशीत करू का, म्हणून मंदारला विचारलं होतं, तेव्हा श्वेता त्याच्या अंगावर धावून गेली म्हणतात.

पाकीट माझ्या कपाटात आहे, रेशनकार्डाखाली. उघडलेलं नाही.

या एकतीस जुलैलाही मी सकाळी अकरा वाजता फोन लावला. दुसऱ्याच रिंगला उचलला गेला.

"भरला का फॉर्म?"

"हाव. 'हो' दाबलो."

"नक्की?"

मी थांबलो. घाई करायची नाही, हे मला आता जमतं.

"नाही जी," कुमरे म्हणाले. मग घसा खाकरला. "अन् तुमची शुगर कशी आहे, भाऊ?"